आईने धरलेला फोन

धूर कमी करायचा म्हणून कात्री कुणावर चालवलीत, साहेब? स्वतः बिझनेस क्लासात पाय पसरून पर्यावरणाच्या परिषदेला जाऊन आलात आणि एका मेकॅनिकची विमानाची फेरी तेवढी तुमच्या डोळ्यांत खुपली! हुकूम सुटला: यापुढे मशीन फोनवरूनच दुरुस्त करायचं.

साबणाच्या ज्या कारखान्यात मेकॅनिक दुरुस्तीला जायचा, त्याच्या मागच्याच गल्लीत त्याची आई राहायची. पॅकिंग मशीन दर महिन्याला बिघडायचं, म्हणून तर त्याला आई दिसायची. हे आता बंद, असं तिला सांगायला त्याची जीभच रेटेना.

त्यामुळे पहिल्या प्रयोगाच्या दिवशी आई नेहमीसारखी डबा घेऊन कारखान्यात हजर. ऑपरेटरचे दोन्ही हात पान्यात गुंतलेले. त्याने फोन तिच्याच हातात दिला. "काकू, जरा मशीनसमोर धरा."

इकडे हेड ऑफिसात मेकॅनिकच्या मागे साहेब, साहेबांचे साहेब, सगळे टाय सावरून बसलेले. पडद्यावर भिंतभर आई उगवली.

"वाळलास रे!"

"आई, अगं कॅमेरा फिरव. मशीनकडे."

"मशीनला काय धाड भरलीय? आणि ही दाढी कसली?"

"आई, सगळे बघताहेत!"

"बघू देत. जेवलास का?"

पलीकडे ऑपरेटर "अजून आवळू का?" म्हणून ओरडत होता. मायलेकांच्या बोलण्यात त्याला विचारतो कोण? तो आपला आवळत राहिला. मग त्याने बटण दाबलं, आणि मशीनने साबणाच्या वड्या गोफणीतल्या दगडांसारख्या भिरकावल्या. ऑपरेटर घसरला. त्याला उचलायला धावलेला सुपरवायझर त्याच्यावर पडला.

"आता?" साहेब कडाडले.

"आता जावंच लागेल," मेकॅनिक शक्य तितकं तोंड पाडून म्हणाला.

आईचा चेहरा फुलला.

"मावशी, खूश काय होताय? विमानाच्या एका फेरीत किती धूर निघतो, कल्पना आहे?" साहेब खेकसले.

"विमानानं धाडा असं मी कधी म्हटलं? रेल्वेनं येऊ दे की. वाटेत झोपेल तरी. घाई तुम्हाला! सकाळी जा, रात्री परत ये. माझ्याकडे दोन घास धड बसून खात नाही तो."

साहेब साहेबांच्या साहेबांकडे बघू लागले. साहेबांच्या साहेबांनी टाय सैल केला. मेकॅनिक मान खाली घालून डोळे पुसत होता, की हसू दाबत होता, कुणाला कळलं नाही.

आईने फोन आणखी जवळ धरला. पडद्यावर आता नुसते डोळेच.

"गप्प का? कुठल्या गाडीनं पाठवताय, सांगा!"