सोनाक्काची कात

कुठल्याशा जंगलात, बाळांनो, सोनाक्का नावाची एक हत्तीण राहायची. कुठलं जंगल ते विचारू नका. मधे बोललात तर गोष्ट बंद!

सोनाक्का चाळीस वर्षं कळपाची पुढारी. पाणी कुठे, वाट कुठे, सगळं तिला पाठ. पण यंदा निवडणूक लागली. समोर उभी राहिली तिचीच पुतणी मंजरी. ऐन पंचविशीतली, तुकतुकीत. तिचा प्रचार एवढाच: "आक्का आता फार सुरकुतल्या हो!"

सोनाक्कानं तळ्यात तोंड पाहिलं. हत्ती जन्मतःच सुरकुतलेला असतो, हे ती घाबरून विसरलीच. पुढारीपण गेलं तर आपल्याला कोण विचारणार? तिला रडूच फुटलं.

ती तडक धामणीकडे गेली. धामण नुकतीच त्वचातज्ज्ञ झाली होती. कशी झाली? पाटी लावली, झाली!

"सोप्पं आहे, आक्का. कात टाका," धामण म्हणाली. "मी दर दोन महिन्यांनी टाकते. ओळखा बघू माझं वय!"

"पण टाकायची कशी गं?"

"चिखलात लोळणं बंद. रोज उन्हात पडायचं आणि खडकाला अंग घासायचं. आपोआप सुटते."

आता कात टाकावी सापानं. बाकीच्यांनी ती नुसती बोलण्यात टाकायची असते. पण सोनाक्कानं खरंच मनावर घेतलं. आठ दिवसांत अंग भाजून निघालं, भेगा पडल्या, माश्या घोंगावू लागल्या. बिचारी कण्हत कण्हत कासवनानांकडे गेली. नाना म्हणजे जंगलातले जुने वैद्य.

"अगं वेडाबाई!" नाना कळवळले. "वय झालं की कातडी कोरडी पडते. तिला ओल हवी, सावली हवी. चिखल लाव आणि गप्प झाडाखाली बस."

"एवढंच?" सोनाक्का हिरमुसली. "औषध नाही?"

"एवढंच."

मतदानाच्या सकाळी सोनाक्का झाडाखालून उठली. अंगावरच्या वाळक्या चिखलाचे पापुद्रे भराभर गळून पडले. खाली तिची तीच कातडी, जरा मऊ झालेली. सुरकुत्या जागच्या जागी.

"अगंबाई! आक्कांनी कात टाकली!" आधी ओरडली ती मंजरीच.

सोनाक्कानं हळूच नानांकडे पाहिलं. मग मान ताठ केली.

"हो तर! धामणताईंच्या हाताला गुणच आहे तसा."

कळपानं तिलाच निवडलं. मंजरी नंबर लावायला धामणीकडे धावली. नानांकडे कुणी फिरकलं नाही.

तात्पर्य: वैद्याचा सल्ला गुपचूप पाळावा आणि नाव पाटीचं सांगावं. चिखल लावला म्हणून सांगितलं तर मतं कोण देणार?