पन्नालालजी आणि हिरवे बाण

आमच्या घराचं बांधकाम चालू होतं, तेव्हा सिमेंटच्या प्रत्येक पोत्याला एक भोक असायचं. गवंडी म्हणाला, "उंदीर आहेत." मी म्हटलं, उंदीर सिमेंट खात नाहीत, आणि खाल्लंच तरी दर पोत्याला एक, तेही खालच्या कोपऱ्यात, इतकं शिस्तीत खाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नजर ठेवून उभी राहिले. शेजारचे पन्नालालजी फाटक उघडून आत आले. त्यांनी खिशातून एक टोकदार पोकळ नळी काढली, पोत्याच्या बुडाशी खुपसली, तळहातावर आलेली भुकटी चिमटीत चोळली आणि मान हलवली.

"काकाजी, हे काय करताय?"

"तुमचा माल बघून राह्यलो, ताई. बराबर आहे. पन हे चौथं पोतं परत करा. ओल धरलीय त्यानं."

चौथ्या पोत्यात खरंच गाठी झाल्या होत्या. बाकीच्या पोत्यांत पुढे ओल शिरली ती काकाजींनी पाडलेल्या भोकांतून, ही गोष्ट वेगळी.

त्या नळीला परखी म्हणतात. पोतं न उघडता आतलं धान्य बघायची ती युक्ती. पन्नालालजींचे पणजोबा राजस्थानातून जालन्याला आले आणि तेव्हापासून मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत होती. शहागडचा गहू असो की तीर्थपुरीची तूर, काकाजींची परखी आत जाऊन आल्याशिवाय भाव निघत नसे. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. गाळा राहिला, परखी खिशात राहिली आणि काकाजी गल्लीत मोकळे झाले.

त्यांचं एक वाक्य सगळ्या आळीला पाठ आहे. "वरचं नको, तळाचं दाखव." मोसंबीवाल्याला ते पेटी पालथी करायला लावतात. गादीच्या दुकानात त्यांनी नव्या गादीत परखी घातली आणि आतून कापसाऐवजी चिंध्या निघाल्या. दुकानदाराला राग कशाचा जास्त आला, भोकाचा की चिंध्यांचा, हे त्यालाही सांगता आलं नाही. जांब समर्थला आम्ही एका गाडीने दर्शनाला गेलो होतो, तेव्हा प्रसादाचे पेढेसुद्धा त्यांनी परातीच्या खालच्या थरातले मागितले. काकीजी हयात असताना हसून सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा सगळे पुढच्या दाराने आले. हे मागच्या दाराने आले."

मी तीन-चार दुकानांचे हिशेब लिहिते, त्यांची कराची विवरणपत्रं भरते. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. त्यामुळे काकाजींचं आणि माझं जमतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ते परखीऐवजी हातात मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर आले, तेव्हा मला थोडी काळजीच वाटली.

"ताई, जरा हा माल बघा."

मोबाइलवर शेअर बाजाराचा आलेख होता. वरखाली धावणारी रेघ, तिच्या खाली हिरवे बाण, वर लाल बाण. हिरवा बाण आला की घ्यायचं, लाल आला की विकायचं. पुण्याच्या कुणा 'सरां'नी ही पद्धत बनवली होती आणि ते ती विकत होते. सोबत एक रंगीत पत्रक होतं: 'शंभरातले नव्वद सौदे फायद्यात'. त्याखाली महिन्यांचे आकडे, सगळे हिरवे.

"हे कुणी दिलं?"

"रितेशनं."

रितेश हा त्यांचा एकुलता मुलगा; मुलगी सासरी असते. पुण्यात नोकरीला आहे, बायको आणि लहान मुलगी आहे. त्याने महिनाभराची चाचणी घेतली होती आणि वडिलांच्या मोबाइलवरही ते बाण बसवून दिले होते. पद्धतीची किंमत त्याच्या दोन पगारांएवढी होती. पण ती किंमत ही किरकोळ गोष्ट होती. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करायचं, असं त्याने ठरवलं होतं. भांडवलासाठी मोंढ्यातला गाळा विकायचा. गाळा काकाजींच्या नावावर, म्हणून त्यांची सही हवी.

"मी न्हाई म्हनलं तर तो म्हनंल, बापूजींना समजत न्हाई," काकाजी म्हणाले. "तुम्ही आकड्यावाल्या. तुम्ही बघा. चालतं का न्हाई, बिलकुल खरं सांगा."

मी कुकर लावून बसले. माझे यजमान आतून म्हणाले, "आता काकाजी मोबाइलला भोक पाडणार."

पत्रकात काय नव्हतं तेवढं आधी बघितलं. मधले दोन महिने गायब होते. काकाजींनी बोट ठेवलं. "हे कुठं गेले? नमुना कुनी काढला? विकनाऱ्यानंच ना? मंग तो चांगलाच निघनार." दलाली आणि कर कुठेच वजा नव्हते. काकाजी म्हणाले, "हमाली न्हाई, तोलाई न्हाई. अशी हिशेबाची पट्टी मी शेतकऱ्याला दिली असती तर त्यानं माझी आरती केली असती." नव्वद टक्क्यांचं मी त्यांना मांडून दाखवलं. नऊ सौद्यांत शंभर-शंभर मिळाले आणि दहाव्यात बाराशे गेले, तर तीनशेचं नुकसान होतं. पण 'दहातले नऊ फायद्यात' हे वाक्य खोटं ठरत नाही. पत्रकात सौदे किती जिंकले तेवढंच होतं. कितीने जिंकले आणि कितीने हरले, ते नव्हतं.

"पन ह्यानं काही सिद्ध होत न्हाई," काकाजी म्हणाले. "पत्रक वाईट आन् माल चांगला, असंबी असतं. चालवून बघू."

मग पैसे न लावता आम्ही सुरुवात केली. बाजार उघडला की काकाजी मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर. बाण आला की हाक मारायचे, "ताई, हिरवा!" मी पोळी तव्यावर टाकून बाहेर यायची, माझ्या मोबाइलने त्यांच्या मोबाइलचा फोटो काढायची आणि परत आत. ही काकाजींची कल्पना होती. मोंढ्यात नमुन्याची पुडी दोघांनी बांधायची पद्धत. म्हणजे नंतर कुणी बदलली असं म्हणता येत नाही. त्या दिवसांत आमच्याकडच्या सगळ्या पोळ्या एका बाजूने करपलेल्या होत्या.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी सकाळचे फोटो उघडून त्यांच्या मोबाइलशेजारी धरले. साडेदहाला आलेला हिरवा बाण आलेखावर नव्हताच. त्यानंतर बाजार घसरला होता. जिथे घसरण थांबली, अगदी त्या तळाशी, दुसरा हिरवा बाण उभा होता, जणू सकाळपासून तिथेच असल्यासारखा. संध्याकाळी आलेख बघणाऱ्याला वाटावं, काय अचूक पद्धत आहे! सकाळी पैसे लावणाऱ्याचे पैसे गेलेले.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. चुकलेले बाण पुसले जात होते आणि बरोबर जागी मागाहून उगवत होते.

मी काकाजींना म्हटलं, "झालं. आता आणखी बघायचं काही उरलं नाही. रितेशला सांगून टाका."

काकाजी मोबाइलकडे बघत राहिले. "एक हप्ता म्हंजे एक पोतं, ताई. ट्रक बाकी आहे. अजून बघू."

मला नवल वाटलं. एका परखीत आख्ख्या ट्रकचा निकाल देणारा हा माणूस! पुढच्या आठवड्यातही ते रोज आले. मी फोटो दाखवले की म्हणायचे, "थोडं अजून." त्याच्या पुढच्या आठवड्यात तर मला ते बाणांवर खूश दिसायला लागले. नवा सदरा घालून यायचे. बाजार बंद व्हायची वेळ झाली की घाईने उठायचे, "चला, जल्दी जातो."

"म्हातारा अडकला," यजमान म्हणाले. "तुझ्या डोळ्यादेखत गाळा जाणार."

मला घोर लागला. मी मोबाइलवर बघितलं, तर तशाच आणखी लोकांच्या तक्रारी सापडल्या. त्या दाखवाव्यात म्हणून साडेतीनच्या सुमाराला मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काकाजी पुढच्या खोलीत खुर्ची ओढून बसले होते. समोर पाण्याचा तांब्या, मोबाइल मांडीवर. मला बघून त्यांनी गप्प बसायची खूण केली. तेवढ्यात रितेशचा फोन वाजला आणि त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

ते दोघं आपसात मारवाडीत बोलतात. मला समजतं तसं मराठीत लिहिते.

"बापूजी, आज किती बाण आले?"

"चार. दोन हिरवे, दोन लाल."

"बघा! मी म्हटलं नव्हतं? दुसरा हिरवा कसा बरोबर तळाला आला!"

"हो, आला." काकाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. "आज ऑफिसला जेवलास काय?"

"डबा होता. बापूजी, तो लाल बाण..."

"डब्यात काय होतं?"

मग डब्यातली भाजी झाली, नातीचा पडलेला दात झाला, पुण्याच्या पाण्याची तक्रार झाली. मधून मधून बाण येत होते आणि काकाजी ते बाजूला करून पुन्हा दाताकडे वळत होते. फोन ठेवल्यावर ते तांब्यातलं पाणी घटाघट प्यायले.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मी म्हटलं.

"ते तर सोललेल्या शेंगदान्यागत साफ दिसत होतं, ताई."

"मग सांगितलं का नाही?"

"आधी दिवाळीला येत होता फोन," ते म्हणाले. "आन् राखीला, बहिनीची चौकशी करायला. आता रोज येतो."

मी दाखवायला आणलेल्या तक्रारी दाखवल्या नाहीत. पण काळजी गेली नाही. उलट दुप्पट झाली. आता म्हातारा फसलेला नव्हता, आणि तरीही पोरगा खड्ड्याकडे चालला होता. मी म्हटलं, "काकाजी, तुमच्या रोजच्या 'हो, आला'वर तो विश्वास ठेवतोय."

त्यांनी रिकामा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला.

शुक्रवारी रितेशचा फोन सकाळीच आला. मी ओट्यावरच होते. काकाजींनी फोन स्पीकरवर ठेवला.

"बापूजी, सोमवारी राजीनामा देतोय. गाळ्याला गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी कागद घेऊन येतो."

काकाजी उठून उभे राहिले. का, कोण जाणे. मोंढ्यात सौदा मोडताना कदाचित उभं राहत असतील.

"रितेश, सही होनार न्हाई. माल खराब आहे."

"काय? रोज तर तुम्ही..."

"रोज मी खोटं बोललो. सकाळचा बाण संध्याकाळी जागेवर नसतो. ताईंनी फोटो काढलेत. ताई पाठवून राह्यल्या, तू स्वतः बघ."

पलीकडून आवाज आला तो चढलेला.

"तुम्हाला माझं कधी काही पटलंय का? मी कॉलेज निवडलं, तुम्ही तिथल्या शिपायाला जाऊन विचारलं. मुलगी पसंत केली, तुम्ही तिच्या शेजाऱ्यांकडे गेलात. ह्यात तरी पहिल्यांदा वाटलं, बापूजी माझ्यासोबत आहेत. तेही खोटंच!"

फोन बंद झाला. मी फोटो पाठवले, एकेक करून सगळे. काकाजी मोबाइल खिशात टाकून घरी गेले. हिरव्या बाणांकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

शनिवार-रविवार बाजार बंद असतो, फोन येणारच नव्हता. कागद घेऊनही कुणी आलं नाही. सोमवारी साडेतीनला मी वाटीभर आमरस घेऊन त्यांच्याकडे गेले. काकाजी त्याच खुर्चीत बसले होते. चार वाजले. मी उगाच पंख्याचा वेग कमीजास्त केला.

"ताई," ते म्हणाले, "ह्या वेळेला ऑफिसात फोन केला तर चालतं का?"

"चालतं की."

"म्हंजे, सांगायचं काय? कशासाठी केला म्हनून?"

इतकी वर्षं शेजार होता, पण त्यांनी आपणहून मुलाला फोन लावल्याचं मला आठवेना. मी म्हटलं, "लावा तर खरं."

त्यांनी स्पीकरवर लावला. खूप वेळ वाजला. ठेवणार इतक्यात उचलला गेला.

"बोला, बापूजी."

ज्या माणसाने मोंढ्यात हजार सौदे आवाजावर ठरवले होते, तो सदऱ्याची बटणं चाचपायला लागला. "काही न्हाई," ते म्हणाले. "इथं ऊन लई झालंय."

"इथंही आहे."

मी खुणेने विचारत होते, राजीनामा, राजीनामा! काकाजींनी हात झटकून मला गप्प केलं. तेवढ्यात रितेशच बोलायला लागला.

"बापूजी, ते फोटो मी त्या सरांना पाठवले. विचारलं, बाण कसे सरकतात. त्यांनी माझा नंबरच ब्लॉक करून टाकला."

मी काकाजींकडे बघितलं. आता ते सगळं विचारतील, मुळापासून, एकेक करून, असं मला वाटलं.

"जाऊ दे ते," काकाजी म्हणाले. "पोरीचा दुसरा दात हालून राह्यला होता ना? पडला का?"