बुद्रुकचा रविवार

कासारदरा बुद्रुक या गावात सात आठवडे रविवार आला नव्हता. शनिवार नेहमीसारखा यायचा, दिवसभर राहायचा, अंधार पडला की जायचा, आणि माणसं झोपून उठायची ती थेट सोमवारी. बाकीच्या तालुक्यात रविवार वेळेवर येत होता. शेजारच्या कासारदरा खुर्दमध्ये तर तो दर आठवड्याला दोनदा येत होता.

शांतवन ओहोळला ही गोष्ट फार जड जात होती. तो शहरातल्या सेमिनरीत पाळक होण्याचं शिक्षण घेत होता, शेवटच्या वर्षाला होता, आणि सरावासाठी त्याला नेमून दिलेली मंडळी बुद्रुकची होती. चौदा घरं, पत्र्याचं छप्पर असलेलं एक चर्च आणि एक बाजाची पेटी. वर्ष संपायच्या आत त्याने तिथे बारा उपदेश करायचे होते. पाच झाले होते. सहावा लिहून तयार होता, पण तो करायला दिवसच नव्हता.

त्याने दोन्ही बाजूंनी प्रयत्न करून पाहिले होते. शनिवारी संध्याकाळीच गावात मुक्कामाला गेला, तर सकाळी सोमवार निघाला. रविवारी सकाळी शहरातून बसने निघाला, तर खुर्दचा थांबा गेला आणि त्याच्यामागे लगेच ओढ्यावरचा पूल आला. मधलं बुद्रुक लागलंच नाही. कंडक्टरला विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "रविवारी लागत नाही ते गाव."

त्या शुक्रवारी साडेपाचच्या घंटेला शांतवन उठला. वसतिगृहाच्या व्हरांड्यातला आपल्या वाट्याचा भाग त्याने झाडला, प्रार्थनेला जाऊन शास्त्रपाठ वाचला, ग्रीकच्या तासाला एक क्रियापद तीनदा चुकवलं आणि मधल्या सुट्टीत प्राचार्य आढाव सरांच्या खोलीत गेला. आढाव सरांनी वीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या सांभाळल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नियमांचं पुस्तक काढलं आणि चष्मा लावला.

"मंगळवारी केलेला उपदेशही उपदेशच असतो," ते म्हणाले. "पण तो बारात धरता येत नाही."

मग त्यांनीच एक मार्ग सुचवला. शहराजवळ एक मंडळी होती, तिथे रविवार अगदी नियमित यायचा. हवं तर आजच बदलीचं पत्र देतो, म्हणाले. शांतवनने मागितलं असतं तर दुपारपर्यंत पत्र त्याच्या हातात पडलं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर तबीथाबाई पाटोळे आल्या.

तबीथाबाई बुद्रुकच्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या. घरी एकट्याच. त्यांचा मुलगा योहान शहरात पंपांच्या कारखान्यात होता आणि त्याला सुट्टी फक्त रविवारची. सात रविवार योहान बसमध्ये बसत होता आणि पुलावर उतरून परत फिरत होता. शनिवारी जाताना शांतवन त्याचा निरोप घेऊन जायचा आणि सोमवारी येताना आईचा निरोप त्याला पोचवायचा. गेल्या खेपेला तबीथाबाईंनी विचारलं होतं, योहान वाळलाय का. शांतवनने नाही म्हटलं, तर त्यांनी पुन्हा तेच विचारलं होतं.

त्याने सरांना सांगितलं, बदली नको, तालुक्याला जायला अर्ध्या दिवसाची रजा द्या. सरांनी रजेच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात स्वतःच 'रविवार' असं लिहिलं आणि सही केली.

तालुक्याच्या कचेरीत वार वाटप शाखा वरच्या मजल्यावर होती. लोमटे मॅडम गेली अकरा वर्षं तिथे बसत होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, नोंदवही उघडली आणि रकान्यातून बोट खाली आणत आणत एका ओळीवर थांबल्या. सात आठवड्यांपूर्वी त्या रजेवर असताना बदली कारकुनाने 'बु.'च्या जागी 'खु.' लिहिलं होतं. तेव्हापासून दोन्ही गावांचे रविवार खुर्दला जात होते. मॅडमनी चूक झाकली नाही. त्याच्यासमोरच त्यांनी खुर्दच्या सरपंचांना फोन लावला. सरपंच म्हणाले, आमच्या बायकांची परत द्यायला काहीच हरकत नाही, घरातली माणसं दोन दोन दिवस घरात बसून असतात म्हणून त्या आधीच वैतागल्या आहेत. पण एकदा पोच दिलेला वार परत घ्यायचा तर जिल्ह्याची मंजुरी लागत होती, आणि ती दुरुस्ती नव्या वर्षापासूनच लागू होणार होती.

"तोपर्यंत काहीच करता येणार नाही का?" शांतवनने विचारलं.

"एक सोय आहे," मॅडम म्हणाल्या. "कुणीही आपला रविवार स्वखुशीने देऊ शकतं. नमुना नऊ. एका वेळी एक."

"एका माणसाचा रविवार सगळ्या गावाला पुरेल?"

"रविवार पुरतो. सोमवार द्यायचा असला तर वाद होतात."

देणाऱ्याचं काय होतं, ते त्याने विचारलं. मॅडमनी सांगितलं की देणारा शनिवारी झोपतो तो सोमवारी उठतो. मधे तो कुठेही नसतो. त्रास काही होत नाही, त्यांच्या सासूबाईंनी नणंदेच्या बाळंतपणात एक दिला होता. म्हणजे बुद्रुकला रविवार येईल, पण आपण त्यात असणार नाही, हे शांतवनच्या ध्यानात आलं. उपदेश पाचचे पाचच राहणार होते. त्याने तरीही एकदा विचारून घेतलं. मॅडमनी नियम वाचून दाखवला. तसंच होतं.

शांतवन अकरा दिवसांचा असताना आईने त्याला पहिल्यांदा चर्चमध्ये नेलं होतं. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत, बुद्रुकला न आलेले सोडले तर, त्याचा एकही रविवार चुकला नव्हता. गोवर आला होता तेव्हाही वडिलांनी त्याला खांद्यावर घेऊन दाराशी उभं केलं होतं. मॅडमनी दिलेला नमुना नऊचा कोरा कागद हातात धरून तो बसून राहिला.

"खाली चहा चांगला मिळतो," लोमटे मॅडम म्हणाल्या. "घेऊन या. मी पाचपर्यंत आहे."

तो चहा पिऊन आला आणि त्याने सही केली. मॅडमनी शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत कागद वाऱ्यावर धरला आणि पोच त्याच्या हातात दिली. जिना उतरता उतरता त्याने योहानला फोन केला आणि परवाची बस चुकवू नकोस म्हणून बजावलं. योहानने विचारलं, गाव लागेल का? शांतवन म्हणाला, लागेल.

शनिवारी दुपारी तो बुद्रुकला गेला. मंडळीला त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. कुणाला त्यात नवल वाटलं नाही, फक्त उपदेश कोण करणार हा प्रश्न निघाला. त्याने आपली वही तबीथाबाईंच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही, योहान वाचेल. मग चर्चमधली चटई झटकून त्याने अंथरूण घातलं, प्रार्थना केली आणि आडवा झाला.

उठला तेव्हा सोमवार होता. चर्चमधल्या बाकांच्या जागा बदललेल्या होत्या आणि फळ्यावर तीन गीतांचे आकडे कुणीतरी खडूने लिहिले होते. बाहेर आला तर प्रत्येक दारात धुतलेल्या कपड्यांची दोरी. पुरुषांच्या दाढ्या केलेल्या. पाटीदप्तर घेऊन शाळेला निघालेली पोरं पहिल्यांदाच विश्रांती झाल्यासारखी दिसत होती.

तबीथाबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. शेजारी त्याची वही ठेवलेली होती. त्यांनी सरकून त्याला जागा दिली आणि काय काय झालं ते सांगितलं. बस थांबली. योहान साडेनऊला दारात उभा राहिला. वाळलेला नव्हता, पण मिशी ठेवली होती, आणि ती त्याला शोभत नव्हती. उपासनेनंतर त्याने घराचा एक पत्रा ठोकून दिला, जेवला, मग त्यांच्या मांडीपाशी डोकं टेकून तासभर झोपला. त्याला उठवायचं जिवावर आलं होतं.

"आणि उपदेश?" शांतवनने न राहवून विचारलं.

"चांगला होता. लांब होता," तबीथाबाई म्हणाल्या. "देव सातव्या दिवशी थांबला, हे एकदा सांगितलं तरी कळतं रे. योहानने दोन पानं गाळली. राग मानू नकोस."

त्याने राग मानला नाही. कुठली दोन पानं, ते विचारावंसं वाटलं, पण तोवर त्या आत गेल्या होत्या. बाहेर आल्या त्या झाकलेलं ताट घेऊन. कालचं मटण होतं, सकाळी पुन्हा उकळून घेतलेलं. त्याचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवला होता, शेजारच्या पोरांना हात लावू दिला नव्हता.

शांतवनने डोळे मिटून आभार मानले. त्याने फक्त कालच्या दिवसाचे मानले.

"योहान म्हणत होता, पुढचा रविवार तो देतो," तबीथाबाई त्याच्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "म्हणजे तुला उपदेशाला उभं राहता येईल. आज कामावरून सुटला की जाणार आहे तो कचेरीत."

शांतवनचा घास हातातच राहिला. म्हणजे पुढच्या खेपेला योहान येणार नाही, असं तो सावकाश म्हणाला.

"नाही येणार. मी त्याला नको म्हटलं नाही," तबीथाबाई म्हणाल्या. "एक आड एक रविवारी दिसला तरी मला चालेल. जेव तू." आणि त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.