सदतीस दाढा

स्वयंपाकघराच्या दारावर फळा टांगला गेला, तेव्हाच भिंगरीच्या आईने सावध व्हायला हवं होतं. पण ती खाली तिच्या दवाखान्यात कुणाची तरी दाढ भरत होती, आणि वर भिंगरीच्या आजोबांनी वळणदार अक्षरात लिहूनही टाकलं होतं : उद्देश – साखर न घालता चॉकलेट करणे. त्याखाली साहित्य, कृती, निरीक्षण आणि सगळ्यांत शेवटी अनुमान. अनुमानापुढची जागा कोरी होती. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना आजोबांनी मुलांना बजावून सांगितलं होतं, की प्रयोगाआधी अनुमान लिहिणाऱ्याला दहापैकी शून्य मिळेल.

प्रयोगाला कारणही तसंच घडलं होतं. भिंगरीच्या शाळेत वसंताच्या सुटीआधीचा शेवटचा दिवस खाऊचा असे. सगळ्या वर्गाला खाऊ कुणी आणायचा, हे बाई चिठ्ठ्या टाकून ठरवत. गेल्या वर्षी चिठ्ठी भिंगरीची निघाली, आणि दातांची डॉक्टर असलेल्या तिच्या आईने छत्तीस मुलांना गाजराच्या काड्या आणि एकेक ब्रश पाठवला. तेव्हापासून वर्गात तिला भिंगरी कुणी म्हणेना. सगळे गाजर म्हणत. हजेरीच्या वेळी बाईंचीसुद्धा एकदा जीभ घसरली होती. यंदा पुन्हा तिचीच चिठ्ठी निघाली, तेव्हा अख्ख्या वर्गाने एक लांब सुस्कारा सोडला आणि मागच्या बाकावरच्या दांडगोबाने विचारलं, “यंदा मुळा का गं?”

घरी येऊन भिंगरीने जाहीर केलं, की या वेळी चॉकलेट नसेल तर ती शाळेतच जाणार नाही. आईने जाहीर केलं, की तिच्या घरातून साखरेचा डबा भरून जाणार नाही. त्यानंतर दोघी दोन दिवस एकमेकींशी फक्त आजोबांमार्फत बोलल्या. तिसऱ्या दिवशी निरोपांची ने-आण करून आजोबांना कंटाळा आला.

“साखर नको आणि चॉकलेट हवं, एवढंच ना?” ते म्हणाले. “मग भांडता कशाला? करून बघू.”

आईने तीन अटी घातल्या. साखर कणभरही नाही. खाल्ल्यावर प्रत्येकाने चूळ भरायची. आणि डब्यात भरण्याआधी ती स्वतः चाखून पास करणार. ती नापास म्हणाली तर दुसरी सोय तिने आधीच करून ठेवली होती. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन किलो गाजरं धुऊन, पुसून तयार होती. भिंगरी दर तासाने फ्रिज उघडून त्यांच्याकडे बघे आणि जोरात दार लावे.

आजोबांचा बेत मात्र पक्का होता. बिनसाखरेच्या कडू चॉकलेटची मोठी लादी आणायची, ती वितळवायची, साच्यात ओतायची, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात खजूर आणि भाजलेल्या बदामाची गोळी दडवायची. गोडवा खजुराचा, कुरकुरीतपणा बदामाचा. साचेही त्यांनी तीन दुकानं पालथी घालून आणले होते. पातळ प्लॅस्टिकचे, त्यांत फुलं, पक्षी आणि घरट्यातली इवलाली अंडी. ते साचे बघून भिंगरीने स्वयंपाकघरात तीन गिरक्या घेतल्या. तिला भिंगरी म्हणत ते काही उगीच नाही.

खाऊच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांनी कामाला हात घातला. आजोबांनी अर्धी लादी फोडून एका भांड्यात घातली आणि ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलं.

“चुलीवर थेट का नाही ठेवायचं?” भिंगरीने विचारलं.

“चॉकलेट नाजूक असतं. थेट आच लागली की जळतं. वाफेनं हळूहळू समजूत काढायची.”

समजूत पटली. लादीचे कोपरे गोल झाले, मग तुकडे एकमेकांत विरघळले आणि भांड्यात काळ्या आरशासारखं चॉकलेट चमकायला लागलं. भिंगरीने त्यात आपलं तोंड पाहिलं. आजोबांनी खूश होऊन चमचा फिरवला, बाहेर काढला, आणि प्रयोगशाळेतल्या चौतीस वर्षांच्या सवयीने नळाखाली धरून स्वच्छ धुतला. काचेची कांडी वापरली की धुवायची, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. तो ओला चमचा त्यांनी पुन्हा चॉकलेटात घातला.

आता, वितळलेल्या चॉकलेटचं आणि पाण्याचं हाडवैर असतं. चार थेंब पडले तरी त्याच्यातले सगळे बारीक कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. बघता बघता आरसा गेला आणि भांड्यात ओल्या मातीचा गोळा उरला.

“आजोबा, हे असंच व्हायचं होतं का?”

आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण ते शिक्षक होते. त्यांनी शांतपणे फळ्याकडे जाऊन निरीक्षणाखाली लिहिलं : पाण्याने चॉकलेट रुसते. मग गोळा वाया जाऊ नये म्हणून त्यात कढत दूध ओतलं, कारण थोडं पाणी जे बिघडवतं ते भरपूर दूध सुधारतं. गोळा मुकाट्याने विरघळलाही. दोघांनी दोन-दोन पेले प्यायले. ते इतकं कडू होतं की दुसऱ्या पेल्यानंतर भिंगरीचा एक डोळा बराच वेळ उघडेना.

“हरकत नाही,” आजोबा म्हणाले. “अर्धी लादी आहे अजून. पण आता या खोलीत पाण्याचा थेंब दिसता कामा नये.”

त्यांनी नळाला फडकं बांधलं. भांडी पुसली, चमचे पुसले, ओटा पुसला, भिंगरीचं नाक पुसलं. साचेसुद्धा सकाळीच धुतलेले होते. पुसले तरी पक्ष्यांच्या चोचीत आणि फुलांच्या पाकळ्यांत ओल राहणार, हे त्यांच्या लक्षात आलं. कोरडं म्हणजे अगदी कोरडं हवं. म्हणून त्यांनी साचे ओव्हनमध्ये ठेवले. “फक्त पाच मिनिटं,” ते म्हणाले, आणि उरलेली अर्धी लादी वितळवायला घेतली.

या वेळी सगळं ठाकठीक झालं. चॉकलेट पुन्हा आरशासारखं चमकलं. आजोबा श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घेत होते. भिंगरीने खजूर-बदामाच्या चाळीस गोळ्या ओळीने मांडल्या. मग ती साचे आणायला ओव्हनपाशी गेली आणि तिथंच उभी राहिली.

“आजोबा, पक्षी झोपलेत.”

पक्षी झोपले नव्हते. पक्ष्यांची चोच पोटात गेली होती, फुलं अंड्यांत मिसळली होती आणि सगळे साचे मिळून वाळलेल्या पानासारखे आक्रसले होते. आजोबांनी फळ्यावर लिहिलं : उष्णतेने प्लॅस्टिकही रुसते. दुकानं अर्ध्या तासावर होती आणि चॉकलेट दहा मिनिटांत घट्ट व्हायला लागणार होतं. लादी संपली होती. फ्रिजमध्ये गाजरं होती.

भिंगरी रडली नाही. ती जागच्या जागी एकदा गरकन फिरली आणि म्हणाली, “आईकडे साचे आहेत. साबणाचे. नवीन.”

ते खरं होतं. लहान पेशंटांना बक्षीस द्यायला साबण करायचे म्हणून आईने गेल्याच आठवड्यात रबरी साचे मागवले होते. खोक्यावर साबण आणि खाऊ, दोन्हींसाठी चालतील असं छापलेलं होतं आणि खोकं अजून फोडलेलंही नव्हतं. भिंगरी धडधड जिना उतरली. आई तोंडाला मास्क लावून कुणाच्या तरी उघड्या तोंडात वाकलेली होती.

“आई, साबणाचे साचे घेऊ?”

“हं,” आई म्हणाली. तिला वाटलं, वर साबण चाललेत.

भिंगरी दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. आजोबांनी झटपट खोकं फोडलं, साचे तीनदा पुसले आणि आत काय आकार आहे हे न बघता ओतायला सुरुवात केली. वीस खाचा एका साच्यात, वीस दुसऱ्यात. भिंगरीने प्रत्येक खाचेत एकेक गोळी दाबली. साचे फ्रिजमध्ये गाजरांच्या वर विराजमान झाले. तासाभराने आजोबांनी पहिला तुकडा अलगद ताटात उतरवला. तो उतरताना मोडला, म्हणून भिंगरीने पुरावा नष्ट केला आणि डोळे मिटून सांगितलं, की तो फार छान लागतोय. दुसरा अख्खा निघाला.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

“ट्यूलिप आहे,” आजोबा म्हणाले. “असं उलटं धर. या बघ पाकळ्या.”

“त्या मुळ्या आहेत, आजोबा. ही दाढ आहे.”

दातांच्या डॉक्टरने मुलांना बक्षीस द्यायला साबण केले, तर ते दुसऱ्या कुठल्या आकाराचे असणार? ताटात एकामागून एक एकोणचाळीस दाढा उतरल्या. वर चार उंचवटे, खाली दोन मुळ्या. आणि चॉकलेट काळं असल्यामुळे सगळ्या दाढा काळ्याकुट्ट. काही ठिकाणी खजूर बाहेर डोकावत होता. तिथं तर मोठे खड्डे पडल्यासारखे दिसत होते.

सातला आई वर आली. तिने ताट पाहिलं. भिंगरी आजोबांच्या मागे गेली आणि आजोबा फळ्याच्या मागे जाता येईल का ते बघायला लागले. आईने एक दाढ उचलून उजेडात धरली.

“खालची पहिली दाढ,” ती म्हणाली. “सहाव्या वर्षी येते.” तिच्याने राहवेना. तिने दुसरी उचलली. “ही किडलीय. हिची कीड मुळापर्यंत गेलीय. आणि हिच्या आईवडलांना मी आधी बोलावून घेतलं असतं.”

“मी उद्या वर्गाला किडक्या दाढा वाटू?” भिंगरीचा आवाज चिरकला. “दातांच्या डॉक्टरची मुलगी मी.”

आईने मुळापर्यंत किडलेली ती दाढ तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली. खजूर चांगलाच चिवट होता. तिला जबडा जरा वाकडा करावा लागला. मग ती हसायला लागली. चार दिवसांत पहिल्यांदा, आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

“चव पास,” ती म्हणाली. “पेशंटची अवस्था गंभीर आहे, पण चव पास. आता तूच ठरव. दाढा की गाजरं?”

भिंगरीने फ्रिजकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि डबा आणायला धावली. छत्तीस मुलांच्या छत्तीस आणि बाईंची एक, अशा सदतीस दाढा डब्यात गेल्या. एक उरली. ती आजोबांनी नमुना म्हणून बशीत झाकून ठेवली. प्रयोगाचा एक नमुना नेहमी राखून ठेवायचा असतो.

दुसऱ्या दिवशी शाळा बाराला सुटणार होती. आजोबा साडेदहालाच फाटकापाशी जाऊन उभे राहिले. शिपायाने त्यांना दोनदा बसायला सांगितलं. ते दोनदा बसले आणि दोनदा उठले. पोरीला आता वर्षभर दाढ म्हणतील, गाजर त्यापेक्षा बरं होतं, हा विचार काही केल्या जाईना.

बारा वाजता भिंगरी बाहेर आली ती धावत, डबा डोक्यावर धरून, आणि फाटकापासून घरापर्यंत एका दमात बोलत राहिली. डबा उघडल्यावर आधी सगळ्यांनी माना पुढे काढल्या होत्या. मग दांडगोबा उठून पुढे आला. “ही कुणाची गं?” असं विचारून त्याने सगळ्यांत किडकी दाढ निवडली आणि करकचून चावली. तीन आठवडे त्याचा एक दुधाचा दात हलत होता. कुणाला तो हात लावू देत नव्हता. खजुराने तो दात असा पकडला, की दांडगोबाने घास बाहेर काढला तेव्हा चॉकलेटच्या काळ्या दाढेत त्याचा पांढरा दात रुतून बसलेला होता.

“मग रडला का तो?”

“छे. त्याने तो सगळ्यांना दाखवला. मग ज्यांचे ज्यांचे दात हलत होते ते सगळे रांगेत उभे राहिले. चूळ भरायला तर इतकी गर्दी झाली की बाईंना शिट्टी वाजवावी लागली.” भिंगरी थांबली, कारण पुढचं वाक्य तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. “आणि तो मला म्हणाला, थँक यू, डॉक्टर. आता सगळे मला डॉक्टर म्हणतात.”

आजोबांचा आनंद गगनात मावेना. घरी पोचताच त्यांनी बशीवरचं झाकण काढलं, राखून ठेवलेला नमुना उचलला आणि प्रयोगाच्या यशाप्रीत्यर्थ तो सगळाच्या सगळा डाव्या बाजूने चावला. डाव्या बाजूला त्यांच्या दाढेवर धातूची टोपी होती. तीन वर्षांपूर्वी लेकीने स्वतः बसवलेली. आजोबांचा जबडा थांबला. त्यांनी तोंडात बोट घालून चाचपलं आणि ते मूठ मिटून जिना उतरायला लागले.

“साखर नव्हती ना त्यात?” खुर्चीचा दिवा त्यांच्या तोंडावर ओढत लेकीने विचारलं.

“अंहं,” आजोबा उघड्या तोंडाने म्हणाले.

“मग टोपी कशानं निघाली, बाबा?”

आजोबांनी तळहात उघडला. खजुरात रुतलेली टोपी दिव्याखाली लखलखली.

तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली आणि भिंगरी फळा छातीशी धरून आत आली. अनुमानापुढची कोरी जागा तिने भरली होती. तिने फळा आजोबांच्या डोळ्यांपुढे धरला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं :

“पौष्टिक चॉकलेटने दात किडत नाहीत. पडतात.”

आजोबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खुर्चीत पडल्यापडल्या दोन्ही हात वर केले आणि दहाच्या दहा बोटं दाखवली.