दोनवर जा

प्राध्यापक नारायणराव उन्हाळ्याच्या सुटीत परराज्यातल्या एका शिबिरातून फोर्ट्रान शिकून आले, हे अमरावतीच्या त्यांच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं (त्यांनीच सांगितलं होतं). फोर्ट्रान म्हणजे कॉम्प्युटरची भाषा. अडचण एवढीच, की गावात कॉम्प्युटर नव्हता. सराव गेला तर भाषाही जाईल, या भीतीने त्यांनी घरातल्याच एखाद्या कामाचा प्रोग्रॅम लिहायचं ठरवलं.

काम चालून आलं. त्यांच्या बायकोला, विमलला सातवा महिना लागला होता आणि तिचे वडील खुशालराव तिला बाळंतपणासाठी हिवरखेडला न्यायला आले होते. पण तिचा पाय निघेना. नवऱ्याला चहापलीकडे काही येत नव्हतं आणि खानावळीचं तिखट त्यांच्या पोटाला सोसत नव्हतं.

"भाकरी शेजारच्या माणिकबाई देतीन," ती म्हणाली, "पन तुमी एकडाव बेसन करून दाखवा. तवाच मी निघीन."

बेसन म्हणजे पिठलं. नारायणरावांनी तिला विचारून विचारून त्याचा प्रोग्रॅम कागदावर लिहिला. एक, फोडणी. दोन, तांब्याभर पाणी. तीन, उकळी आली की मूठभर डाळीचं पीठ. चार, हलवणे. पाच, घट्ट झालं नसेल तर दोनवर जा. सहा, उतरवणे. मशीन स्वतःची अक्कल चालवत नाही, म्हणून आपणही चालवायची नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. (त्यासाठी वेगळी तयारी करावी लागली नाही.)

खुशालराव पाटावर बसले. बेसन घट्ट नव्हतं, म्हणून नारायणराव दोनवर गेले. पुन्हा तांब्याभर पाणी, मूठभर पीठ, पुन्हा दोनवर. कढई भरली, पातेलं भरलं, मग माणिकबाईंकडून पातेल्याहून मोठा पितळी गंज आला.

"जवाईबापू, लगन हाय का कोनाचं?" खुशालरावांनी शांतपणे विचारलं.

शेवटी पिठाचा डबा संपला आणि जावई हतबल होऊन नुसतंच ढवळत बसले. तेवढ्यात बेसन आपोआप घट्ट होऊ लागलं. "चारवर जायचं होतं," ते एकदम म्हणाले. महिनाभराच्या शिबिरात शिकले नव्हते ते त्यांना चुलीपाशी कळलं. त्या दिवशी सगळ्या गल्लीने बेसन खाल्लं.

विमल हसून हसून दमली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ह्या माणसाला एकटं टाकून जाणं तिच्या जिवावर आलं होतं. निघताना तिने प्रोग्रॅमच्या कागदावर खाली आपल्या हाताने एक ओळ लिहिली. "सात, नाही जमलं तर हिवरखेडला जा."

"हे पक्कं ध्यानात ठेवा," ती म्हणाली.

दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमने पुढच्याच शनिवारी बेसन झकास झालं. नारायणरावांनी ते खाल्लं, कढई घासली, आणि कोणाला काही न सांगता सरळ सातवर गेले. अकोल्याला एसटी बदलून दिवेलागणीला सासुरवाडीत पोचले. विमल दारातच उभी होती. त्यांना पाहून ती हसली.

सासूबाईंनी लगबगीने ताट वाढलं. ताटात बेसन होतं. जवाईबापूंना बेसनाचं किती वेड आहे, ते खुशालरावांनी घरी आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं.