अनारकानच्या जांघेतली सरहद्द

अनारकानचा डावा पाय आणि तिचं पोट या दोन वेगवेगळ्या खात्यांच्या अखत्यारीतल्या वस्तू आहेत, हे तिला सातव्या महिन्यात कळलं. तोवर ती दोन्ही आपलीच समजून बिनदिक्कत वापरत होती.

निमित्त साधं होतं. जर्दाळू उतरवताना वाळकी काटकी पोटरीत घुसली. सासूबाई तोतुगुल यांनी भाजलेला कांदा बांधला. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पोटरी लाल झाली. दिसायला एवढासा ओरखडा, पण चादर लागली तरी अनारकान किंचाळत होती. सासूबाईंनी शेजाऱ्याला झोपेतून उठवलं आणि त्याच्या गाडीतून सुनेला जिल्ह्याच्या इस्पितळात आणलं.

फरगाना खोऱ्यातल्या या इस्पितळात एका अंगणाच्या दोन बाजूंना दोन इमारती आहेत. पहिलीच्या, म्हणजे प्रसूतिगृहाच्या दारात प्रमुख डॉक्टर झरिना ओस्मोनोव्ना आडव्या आल्या.

"पू झालेली बाई आत घेत नाही. इथे बाळं आहेत. समोर जा."

समोर पू झालेल्या रुग्णांचा विभाग. तिथे शल्यविशारद मामीरोव होते.

"गरोदर बाई आत घेत नाही. इथे पू आहे. समोर जा."

"अहो, पण बाई एकच आहे ना!" सासूबाई कडाडल्या.

"तीच तर अडचण आहे, आजी," मामीरोव हळहळले.

दोन्ही नियम बाईच्या सुरक्षिततेसाठीच केलेले होते. त्यामुळे बाई अंगणात तुतीखाली ढकलगाडीवर अत्यंत सुरक्षित पडून राहिली.

असले पेच या खोऱ्याला नवे नाहीत. इथे देशांची सरहद्दसुद्धा लोकांच्या गोठ्यातून जाते. तेव्हा दोन्ही डॉक्टरांची सीमा-समिती बसली. चहा आला, तंदूरची रोटी आली, आणि घरोघरी खरचटल्यावर लावतात त्या हिरव्या औषधाने अनारकानच्या जांघेत एक रेषा मारण्यात आली. खाली मामीरोव, वर झरिना ओस्मोनोव्ना. दोघांनी हात मिळवले.

"झालं ना आता? मग हिला आत घ्या!" सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या वाटणीचं आणा, घेतो," मामीरोव म्हणाले.

दुपारी लाली मांडीवर चढली.

"आजार तुमच्याकडे निघालाय. अभिनंदन!" मामीरोव म्हणाले.

"ही घुसखोरी आहे!" झरिना ओस्मोनोव्ना संतापल्या. "तुमचा आजार तुमच्या हद्दीत ठेवा."

मधल्या काळात सलाइन लावायला नर्स आली. पण हात कुणाचा, याबद्दल समिती काहीच बोललेली नव्हती. तटस्थ प्रदेशात सुई टोचायला ती धजेना.

अनारकानला ग्लानी येत होती. तिने सासूबाईंची बाही ओढली. "आई, पोटातला हा सकाळपासून हलला नाहीये." सासूबाईंनी तिच्या पोटाला कान लावला.

तेव्हा अनारकान डोकं उचलून गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, घामाने रेषा पुसट झालीय. बाटली देता? गडद करते."

अशी जागरूक रुग्ण मामीरोवांनी पाहिली नव्हती. त्यांनी कौतुकाने बाटली दिली. अनारकानने बूच काढलं आणि सगळी बाटली पोटावर, कमरेवर, मांड्यांवर ओतून दोन्ही हातांनी फासली.

"अहो बाई, सरहद्द!" दोघंही ओरडले.

सरहद्द कुठेच नव्हती. नुसती हिरवीगार बाई होती. आता ही मेली, तर कुणाच्या हद्दीत मेली हे सिद्ध करता येणार नव्हतं. तेव्हा नाइलाजाने दोन्ही डॉक्टरांनी सबंध बाईलाच आत घेतलं. एकाने सडलेलं मांस कापून काढलं, दुसरीने बाळाचे ठोके धरून ठेवले. सुई हातातच टोचली. हात कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

पोटरीतला मूठभर लचका गेला. तिसऱ्या दिवशी पोटात लाथ बसली आणि हिरवी अनारकान ढसाढसा रडली. सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता, रंग उतरेल."

सरहद्द नष्ट केल्याबद्दल अनारकानची चौकशी चालू आहे. साक्षीदार म्हणून समितीने तुम्हालाही बोलावलंय. तुम्ही पहिल्या ओळीपासून तिथेच होता, सगळं बघत होता. बाई तुतीखाली तापाने फणफणत असताना "आधी तिला आत घ्या" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. समितीने तुमची वागणूक आदर्श ठरवली आहे. रेषा मारली तेव्हा तर तुम्ही हसलाही होतात.