कादरी सरांची सद्यस्थिती

उस्मानपुऱ्यात आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर कादरी सर राहतात, एकटेच. एका रविवारी त्यांच्याकडं गेलो, तर दारावर कागद: "सद्यस्थिती: आंघोळ. झालेलं काम: अर्धं. अडचण: डोळ्यात साबण. मदत: नको."

ओला हात दाराबाहेर काढून त्यांनी कागद कधी लावला, हे मला अजून कळलेलं नाही. पण हे वेड मीच लावलं, एवढं कबूल करतो.

पॉलिटेक्निकातून रिटायर झाल्यावर सरांनी एक सॉफ्टवेअर लिहिलं. निजामाच्या काळातल्या जमिनीच्या कागदांतले उर्दू शब्द टाकले, की सोप्या मराठीत अर्थ सांगणारं. फुकट. वर त्याचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवलेला. कुणीही यावं, बघावं, दुरुस्त करावं. चार वर्षं तिकडं कुणी फिरकलं नाही.

"मराठवाड्यात कोड लिहिणारा माणूसच नाय का हो, जाधवसाहेब?" सर माझ्यावर चिडायचे. जणू मीच सगळ्यांना लपवून ठेवलंय.

शेवटी मी ते पान उघडून पाहिलं. वर एकच ओळ होती: काम चालू आहे.

"सर, ही पाटी आपल्या गल्लीतल्या गटारीवर पण आहे. तिथं कोण जातं मदतीला? काय झालंय, कुठं अडलंय, लोकांनी काय करायचं, ते लिहा ना."

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "व्हय की. लई पते की बात बोललात."

झालं! सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येऊ लागलं: "डावा गुडघा चालू. उजवा दुरुस्तीत." एका लग्नात वाढप्याला थोपवून त्यांनी जाहीर केलं, "बिर्याणी: दोन घास शिल्लक. अडचण: आग्रह."

पण सॉफ्टवेअरच्या पानावरही त्यांनी खरं ते लिहिलं: "'ज'पर्यंतचे शब्द झाले. छापताना उर्दू अक्षरं उलटी येतात. का, ते मला कळत नाही. बावळट ठरलो तरी चालेल, कुणीतरी सांगा."

आठ दिवसांत पिशोरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मोरे बाईंनी दुरुस्ती पाठवली. सर एका पायात चप्पल घालून तीन जिने चढून आले. "आली! दुरुस्ती आली!" उजव्या गुडघ्याचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मग आणखी दोघं-तिघं आले. मोरे बाई मात्र रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, "सर, आज काय अडलंय?"

परवा मी चहाला गेलो होतो. सर कामांची यादी लिहीत होते. 'मदत हवी' खाली त्यांनी लिहिलं, "तारखेत महिना आधी येतो, दिवस नंतर."

"सर, हे तर तुम्ही दोन मिनिटांत कराल."

"एका मिनिटात."

"मग?"

सरांनी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "सगळं मीच करून टाकलं, तर बाई फोन कशाला करतील?"